तीन नंबरची दाढी

माझ्या तोंडावर मिशी आहे आणि तिच्याभोवती तीन मिलिमीटरची दाढी आहे. ही दाढी करायची राहून गेलेली नाही, कंटाळा म्हणून वाढलेली नाही आणि घरी कोणी वारलेलंही नाही. दर चौथ्या दिवशी मशीन लावून मी ती तेवढीच राखतो आणि मिशी कात्रीने बेततो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली काही वर्षं हेच सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे आणि आता कोणी विचारलं की मी सरळ चिडतो.

आमच्या नात्यात माणसाचं तोंड वाचतात. घरात मौत झाली की दहा दिवस दाढी करायची नाही. बाप गेला असेल तर दहाव्याला डोक्याबरोबर मिशीही उतरवायची. त्यामुळे खुंट वाढलेले दिसले की सुतक, आणि मिशी गेलेली दिसली की बाप गेला. बाप हयात असताना मिशीला वस्तरा लावणं म्हणजे त्याला जिवंतपणी पोचवून येणं. शिकलीसवरली पोरं आता हे मानत नाहीत, खुशाल बिनमिशीची फिरतात आणि त्यांचे बापही ठणठणीत असतात. पण आमच्या घरी हे अजून चालतं. मग मला सांगा, मिशी शाबूत आणि दाढीचे खुंट वाढलेले, असा माणूस फाटकात उभा राहिला तर जुन्या माणसाने काय समजावं? बाप आहे, पण दुसरं कोणीतरी गेलं. म्हणून मी अमरावतीहून अकोल्याला घरी गेलो, की बाबा पेपरातून मान वर न काढता विचारायचे, "कोण गेलं?"

पहिल्या वेळी मी हसलो. दुसऱ्या वेळी समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून मीही काही न बोलता चपला काढून सरळ आत जायला लागलो.

बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी सातला ओसरीत बसून दाढी करायचा नेम सुटला नाही. खिडकीच्या गजाला गोल आरसा अडकवायचा, ॲल्युमिनियमच्या मगात गरम पाणी, खांद्यावर टॉवेल, आणि दाढी झाल्याशिवाय चहा नाही. मिशी ते छोट्या कात्रीने अशी सरळ कापतात की जणू खाली पट्टी धरली. कोणाला स्वतःच्या तोंडाला हात लावू देत नाहीत. मी लहान असताना माझा भांग कोणत्या बाजूला पाडायचा ते बाबा ठरवायचे. कॉलेजात मिशी फुटली तेव्हा ती किती ठेवायची तेही त्यांनीच ठरवलं, आणि माझ्या लग्नात तर मंडपामागे खुर्ची टाकून सलूनवाल्याला शेजारी उभं राहून सांगितलं, "डावीकून जरा घे अजून." नवरदेव मी होतो. मला कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

मग लॉकडाउन लागलं. अमरावतीत राजापेठेतली सगळी सलूनं बंद झाली, मी शिकवायचो तो क्लास मोबाईलवर आला आणि कॅमेरा बंद ठेवायची सोय झाली. तीन आठवड्यांनी एका सकाळी दात घासताना आरशात पाहिलं, तर एक माणूस दिसला आणि तो मला आवडला. यापेक्षा जास्त कारण माझ्याकडे नाही. लोक कारण मागतात. कोणाला वाटतं माझ्या गालावर डाग असेल, कोणी नवस म्हणतं, क्लासमधल्या एका बाईंनी तर माझ्या बायकोला हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मला ते तोंड आवडलं, बस. चाळिशीला टेकलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडापुरतं एवढं म्हणायची मुभा असू नये का?

पण आवडणं सोपं असतं, राखणं कठीण. सलूनं उघडली तोवर मी संन्यासी झालो होतो. माझा सलूनवाला माझ्याच वयाचा, तीन पिढ्यांचा मुसलमान कारागीर. निम्मं वऱ्हाडी, निम्मं हिंदी बोलतो आणि दोन्हीत टोमणे मारतो. त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवलं आणि विचारलं, "सर, ये क्या उगवून आणलं?"

आम्ही बरंच करून पाहिलं. पूर्ण दाढी ठेवली तर मी खंडणी मागायला आल्यासारखा दिसायला लागलो. फ्रेंच कट केला, तर पोरं वर्गात मान खाली घालून हसायची. नुसतीच दाढी ठेवून मिशी बारीक करायचा विषय निघाला, तेव्हा तोच मागे सरला. शेवटी मिशी भरघोस आणि खाली बारीक दाढी, इथे येऊन थांबलो. तो म्हणाला, "तुमचे लोग दाढी काढते, मिशी रखते. आमचे बुजुर्ग दाढी रखते, मिशी बारीक करते. तुमी दोनी रखली. आता तुमाले कोनत्याच मोहल्ल्यात घेत नाई." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्याने मला चहा पाजला.

घरी राखायचं कसं तेही त्यानेच शिकवलं. मी हौसेने मशीन आणलं आणि पहिल्याच दिवशी वरचा प्लास्टिकचा कंगवा न लावता गालावरून फिरवलं. कानापासून हनुवटीपर्यंत शेतात नांगर जावा तसा पट्टा पडला. तो पट्टा घेऊन मी चार दिवस शिकवलं, पण बाकीची दाढी काही उतरवली नाही. मग शिकलो. दाढीला तीन नंबर लावायचा, जास्त नाही. मिशी आधी धुऊन पूर्ण कोरडी करायची, खाली विंचरायची आणि ओठावर येणारी टोकं तेवढी कापायची, ओली असताना कधीच नाही, कारण वाळल्यावर ती आखडते. मिशी दाढीपेक्षा ठळक दिसली पाहिजे, नाहीतर दोघी एकमेकींत हरवतात. गालावरची रेघ कोरायची नाही, जशी उगवते तशी ठेवायची. कंठाच्या वर दोन बोटं मोजायची आणि त्याखालचं सगळं साफ. "गळा साफ नसला त लोग दाढी नाई म्हनत, बीमार म्हनते," हे त्याचं वाक्य मी आजही मशीन लावताना आठवतो. माझ्या डाव्या गालावर बोटभर जागी केस उगवत नाहीत. ती जागा मी लपवत नाही. हनुवटीवर पांढरे आले, तेही काळे करत नाही.

एवढं सगळं करून अकोल्याला गेलं की ऐकायचं काय? "कोण गेलं?"

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. बाबांचे गुडघे गेल्यापासून पूजेला मोठा म्हणून मी बसायचो. दोन वर्षांपूर्वी मी अंघोळ करून, सोवळं नेसून पाटाकडे निघालो, तर बाबा दारात आडवे उभे.

"सुतकाच्या तोंडानं महालक्ष्मीपुढं बसता येत नाही."

"बाबा, घरात सुतक नाही."

"मले नको सांगू. तुह्या तोंडाले सांग."

आई मधे पडली, "आजच्या दिस काढून टाक ना रे बाबू. पुना वाढते." दहा मिनिटांचं काम होतं, मला कळत होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. पण मी नाही काढली. धाकटा भाऊ पूजेला बसला आणि मी सोवळ्यातच ओसरीत बसून राहिलो. आतून आरती ऐकू येत होती. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला. शेवटच्या पंगतीत जेवून मी संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परत आलो.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. फोन आई उचलायची आणि मागून त्यांचा आवाज यायचा, "त्याले म्हणा, गॅसचं पुस्तक सापडलं." उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कफ भरला, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. मी चारही दिवस उशाशी बसून होतो, तरी पाणी हवं असलं की ते नर्सलाच मागायचे. मी दाढी काढली असती तर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं असतं. मी काढली नाही. मी कोणाचा मुलगा आहे हे तुम्हाला यावरून कळेलच.

आता क्लासचं. राजापेठेत एका मोठ्या क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. पोरं गावोगावची, काहींचे बाप शेतकरी, काहींचे नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत. त्यांच्यापैकी कोणीही माझ्या दाढीबद्दल कधी बोललं नाही. त्यांना गणित सुटण्याशी मतलब. बोलला तो क्लासचा मालक. माझ्यापेक्षा बराच लहान, पुण्याला शिकून आलेला, बोलणं गोड. नव्या बॅचच्या आधी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, पर्सनली घेऊ नका. या वर्षी चौकात मोठं होर्डिंग लावतोय, मधोमध तुमचा फोटो. फक्त क्लीन शेव्ह करून या. पालकांना क्लीन लुकवर विश्वास बसतो."

"दाढी राहील," मी म्हणालो.

"मिशीसुद्धा जरा जुनाट वाटते, सर."

"मिशीही राहील."

तो हसला, ठीक आहे म्हणाला. फोटोवाल्याने आहे तसा फोटो काढला आणि मी ते विसरूनही गेलो. एका गुरुवारी सकाळी चौकातून स्कूटरवर जाताना वर पाहिलं, तर दोन मजल्यांएवढं होर्डिंग. मधोमध माझा निळा शर्ट, माझा चष्मा, माझे कान, केस झाकणारी क्लासच्या नावाची पट्टी आणि सोललेल्या अंड्यासारखं एक तोंड. कॉम्प्युटरवर मिशी पुसली होती, दाढी पुसली होती, डाव्या गालावरची ती बोटभर जागासुद्धा एकसारखी करून टाकली होती. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारून मारून मला तिथून हलवलं.

मी तसाच केबिनमध्ये गेलो. तो म्हणाला, "सर, कसलं फ्रेश दिसतंय! आता असं करा, सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. होर्डिंगवर एक आणि फळ्यासमोर दुसराच असं नको. फोटोसारखे होऊन या. नाहीतर मला बॅच दुसऱ्या सरांना द्यावी लागेल."

तेव्हा मी काय बोललो? काहीही नाही. बापापुढे, महालक्ष्मीपुढे न झुकलेला माणूस तिथे मान हलवून बाहेर आला. बारा वर्षं ज्या फळ्यासमोर उभा राहिलो तो जाणार, एवढीच भीती. तीन दिवस मी घरात मशीन हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो. बायको म्हणाली, "काढायची तर काढा. पण मग रोज आरशात बघून आमच्यावर चिडू नका." रविवारी सकाळी दहाला मी सलूनात जाऊन खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून म्हणालो, "सगळं काढ. मिशीपण."

त्याने माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रश ओला केला आणि थांबला. "सर, बाबूजी हयात है ना?"

"आहेत."

"मग दाढी काढतो. मिशीले हात लावत नाई."

"अरे, मी मानत नाही ते."

"तुमी नका मानू. मी मानतो ना. इतके साल झाले, बाप गेलेल्या मानसाचीच मिशी काढली तुमच्या लोकायची. जित्या बापाची नाई काढली." त्याने ब्रश परत मगात ठेवला. "घरी फोन लावा. बाबूजी हो म्हनले त काढतो."

मी चिडलो. ज्यांना विचारून काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्यांनाच विचारायला हा मला सांगत होता. पण तो हात बांधून उभा राहिला, आणि दुसऱ्या सलूनात जायची मला हिंमत नव्हती. मी अकोल्याला फोन लावला. आईने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुले कसं समजलं?"

"काय समजलं?"

"बाप्पा, काय सांगू! तुह्या बाबाच्या मौतीले लोक आले होते सकाळी. आताच चहा पिऊन गेले."

मग तिने जे सांगितलं ते असं. मूर्तिजापूरला बाबांचे चुलतभाऊ राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. शुक्रवारी ते डोळे दाखवायला अमरावतीला आले होते आणि राजापेठेत त्यांनी ते होर्डिंग पाहिलं. पुतण्याचा एवढा मोठा फोटो, आणि मिशी नाही. बाबा उन्हाळ्यात दवाखान्यात होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हिशेब जोडला. भाऊ गेला, दहावा झाला, तेरवीही उरकली आणि आपल्याला साधं कळवलं नाही. आता कोणी म्हणेल, एक फोन करून विचारायचं. आमच्याकडे तसं करत नाहीत. तुमच्या घरी कोणी वारलं का, असं फोनवर विचारता येतं का? आणि ज्याला कळवलं नाही त्याने फोन करायचा नसतो, थेट दारात जाऊन उभं राहायचं असतं, म्हणजे न कळवणाऱ्याला लाज वाटते. काकांनी इकडेतिकडे निरोप दिले, गाडी ठरवली, आणि रविवारी सकाळी सात वाजता दहा-बारा माणसं आमच्या फाटकापुढे उतरली. काकूंनी फाटकापासूनच गळा काढला, मागच्या बायकांनी साथ दिली. डोक्यावरून पदर घेऊन रडत रडत त्या ओसरीपर्यंत आल्या.

ओसरीत बाबा दाढी करत बसले होते. अर्धं तोंड फेसाने भरलेलं, खांद्यावर टॉवेल, हातात रेझर. त्यांनी आरशातूनच सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

आई फोनवर हसत होती आणि मधेच रडतही होती. काकू मटकन पायरीवर बसल्या म्हणे. शेवटी काकांच्या मुलाने मोबाईलवर होर्डिंगचा फोटो काढून बाबांपुढे धरला. बाबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. मग उरलेली दाढी पूर्ण केली, तोंड पुसलं आणि सगळ्यांना चहा ठेवायला सांगितला.

तेवढ्यात फोनवर खरखर झाली आणि आईच्या जागी बाबांचा आवाज आला. आठ-नऊ महिन्यांनी. मी खुर्चीत सरळ झालो.

"फोटोत तुही मिशी कोणं काढली?"

"क्लासवाल्यानं."

"तुले विचारून?"

"नाही."

"मंग तू काय केलं?"

समोरच्या आरशात गळ्याला कापड बांधलेला मी मला दिसत होतो. एवढी शरम मला आधी कधी वाटली नव्हती.

"कुठी आहेस आता?"

"सलूनात."

"उठ तिथून," ते म्हणाले. "मी येऊन राहिलो उद्या."

सोमवारी सकाळी मी स्टँडवर उभा होतो. गुडघ्यांमुळे ते वर्षभरात एकटे कुठे गेले नव्हते. एसटीतून एकेक पायरी उतरले, पांढरा शर्ट, मिशी विंचरलेली. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या दाढीकडे पाहिलं, पण कोण गेलं ते विचारलं नाही. "चाल, दाखव तुहा मालक," एवढंच म्हणाले.

केबिनमध्ये मालकाने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाबांनी पाण्याला हात लावला नाही.

"मी याचा बाप. मी मेलो का?"

मालकाला काही कळेना. मग बाबांनीच सगळं सांगितलं, काकू कशा रडल्या तेसुद्धा. मालक हसून हसून लाल झाला. "सॉरी काका, मला ही रीत माहीतच नव्हती. मिशी आपण परत टाकून घेऊ, आठवडाभरात नवं होर्डिंग लावतो. पण दाढीचं मात्र मी म्हणतो ते बरोबर आहे. ते खुंट बरे दिसत नाहीत. तुम्हीच सांगा, तुम्हाला तरी आवडतात का?"

या माणसाला कोणी शिकवलं होतं का नेमकं हेच विचारायला? बाबा माझ्याकडे वळले आणि कितीतरी वेळ पाहत राहिले, हनुवटीवरचे पांढरे, डाव्या गालावरची ती रिकामी जागा, सगळं.

"मले बी नाही आवडत," ते म्हणाले.

"बघा सर!" मालक टेबलावर हात मारून म्हणाला.

"थांबा ना सायेब. मले नाही आवडत, हे मी त्याले त्याच्या तोंडावर सांगतो. चार वर्स झाले सांगून राहिलो, तो ऐकत नाही. पन निजलेला असताना जाऊन मी त्याची दाढी काढली का कधी? तुमी त त्याले न विचारता पुसून टाकलं." बाबांचा आवाज चढला नव्हता, पण बाहेर पोरं थांबून ऐकायला लागली होती. "मिशी आहे माह्या नावाची. दाढी आहे त्याची सोताची. लावाच्या त दोनी लावा, नाहीतर पूरा बोर्ड उतरवा."

मालकाचं हसणं गेलं. तो माझ्याकडे वळला. "सर, असं असेल तर मग नवी बॅच मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

"द्या," मी म्हणालो.

गुरुवारी जो शब्द बोलायचा राहिला होता, तो हा होता. मला हलकं वाटलं. कपाटातलं पुस्तक आणि डस्टर घेऊन मी बाबांच्या मागे जिना उतरलो. त्यांना एकेक पायरी उतरायला वेळ लागत होता आणि मला कसलीच घाई नव्हती.

तिथून मी त्यांना सलूनात नेलं, मशीन लावायचा माझा दिवस उलटून गेला होता. सलूनवाल्याने "आओ बाबूजी" म्हणून बाक पुसला. बाबांनी त्याला विचारलं, "काल तुमी काहून नाही काढली याची?"

"तुमी जिंदा है ना, बाबूजी."

बाबा मोठ्याने हसले. मग चष्मा लावून शेजारी उभे राहिले, अगदी माझ्या लग्नात मंडपामागे राहिले होते तसे. मी म्हटलं, आता सुरू होणार. पण ते काही बोलले नाहीत. मशीन फिरून झालं, मिशीची टोकं कापून झाली, तेव्हा त्यांनी दोन बोटं माझ्या गालावर उलटी घासून पाहिली. "टोचते," म्हणाले, आणि चपला घालायला लागले.

मी आता घरच्याच हॉलमध्ये शिकवतो. पोरं कमी आहेत, पण आहेत. मालकाने होर्डिंग काही उतरवलं नाही. माझं नाव खोडून माझं तोंड तसंच ठेवलं, आणि दिवाळीपर्यंत मी रोज त्या गुळगुळीत माणसाखालून गेलो. सिग्नल लाल असला की त्याच्याकडे वर बघत मी मुद्दाम मिशीवरून हात फिरवायचो.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना अकोल्याला गेलो तेव्हा माझी दाढी बरोबर तीन नंबरची होती, गळा साफ होता. फाटक उघडलं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "उशीर केला. अंघोळ कर, सोवळं नेस." एवढंच. मी पाटावर जाऊन बसलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं. मूर्तिजापूरचे काकाही आले होते, जरा कोपऱ्यातच बसले होते बिचारे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांना राहवेना. पुढे सरकून त्यांनी हळूच विचारायला सुरुवात केली, "काहून रे बाबू, कोण..."

"कोणी नाही गेलं," बाबा मागून म्हणाले. "तोंडच तसं आहे त्याचं. तू हळदकुंकू सरकव इकडं."